सड्यावरची रेघ

हर्षदा मोंडकरच्या फोटोत माणूस नसतो, ही गोष्ट कलेच्या जगात शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. नदी असायची, खाडी असायची, मिठागरांचे चौकोन, खाणीने पोखरलेला डोंगर. पण सगळं विमानातून, वरून पाहिलेलं, आणि सगळं निर्मनुष्य. भिंतभर मोठ्या त्या फोटोंपुढे लोक हाताची घडी घालून उभे राहत आणि म्हणत, “काय शांतता आहे हो!”

आता शांतता काय आपोआप येते? ती करावी लागते. फोटो काढून आणला की हर्षदा पडद्यासमोर बसायची आणि तांदळातले खडे निवडावेत तशी एकेक गोष्ट निवडून पुसायची. हा ट्रॅक्टर, पूस. ह्या दोन बायका, पूस. गवतावर कुणीतरी वाळत घातलेली चादर, पूस. ही पायवाट कशाला कडमडली इथे? पूस. या कामाला ती ‘झाडलोट’ म्हणायची. हाताखाली चार माणसं ठेवायची ऐपत केव्हाच आली होती, पण झाडलोट ती दुसऱ्या कुणाला करू देत नसे.

तिच्या मुंबईच्या गॅलरीचा मालक नौशीर याने त्यावर आणखी एक टूम काढली होती. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी बडी गिऱ्हाइकं जमवायची आणि त्यांच्यादेखत फोटोची मूळ, न झाडलेली फाइल कायमची नष्ट करायची. म्हणजे भिंतीवरच्या छापाखेरीज जगात दुसरी प्रत उरली नाही, याची सगळ्यांना खात्री. नौशीर याला ‘विसर्जन’ म्हणायचा. कळ दाबली की टाळ्या पडत, पेले किणकिणत, आणि छापाचा भाव चढे. हर्षदाला त्या टाळ्यांचा वीट आला होता, पण कळ तीच दाबायची.

आयुष्याचीही एव्हाना झाडलोट होऊन गेली होती म्हणायला हरकत नाही. लग्न झालं होतं, ते मोडलं होतं. मैत्रिणी होत्या, त्या आपापल्या संसारात बुडाल्या होत्या. पुण्यात एका उंच इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर ती एकटी राहायची. खिडकीतून खाली माणसं मुंगीएवढी दिसत, आणि तेवढीच बरी, असं ती म्हणायची. जेवण ओट्याशी, उभ्या उभ्या. सणावाराला चुकूनमाकून कुणाचा फोन आला तर तिचा आवाज घोगरा निघायचा, कारण दोन दोन दिवस तो वापरलेलाच नसायचा. तिला याचं दुःख होतं का? होतं, चांगलंच होतं. पण ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

तिचं नाव झालं ते एका सड्यामुळे. सडा म्हणजे समुद्राकाठचं जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार; पावसाळ्यात त्यावर वीतभर माती धरते आणि गुडघाभर गवत उभं राहतं. देवगडच्या अलीकडे मोरवणे नावाचं गाव आहे, त्याच्या डोक्यावर असा एक सडा आहे. दरवर्षी दसरा झाला की आठ-पंधरा दिवसांत हर्षदा आपलं जुनं मायक्रोलाइट विमान बाहेर काढायची. कापडी पंख, पाठीमागे इंजिन, पुढेमागे दोन माणसं बसतील एवढीच जागा. कोल्हापूरजवळच्या धावपट्टीवरून ती एकटीच उडायची, घाट ओलांडायची आणि गवत सोनेरी व्हायच्या ऐन मुहूर्तावर त्या सड्याचा फोटो काढून परत फिरायची. सड्याच्या कडेला एकच कौलारू घर होतं. ते चौकटीबाहेर राहील असं विमान ती बरोबर वळवायची.

त्या घरात तिचे वडील राहत होते. विमान तिने तिथे कधीच उतरवलं नाही.

*

तीन वर्षांपूर्वी मात्र तिने मायक्रोलाइटवर ताडपत्री घातली, कारण टिटवी आली.

टिटवी हे नाव डॉ. सईदा काझीने ठेवलं. सईदा दापोलीजवळच्या एका प्रयोगशाळेत शेतीवर संशोधन करायची, आणि हर्षदाशी रोखठोक बोलणारी जगात ती एकटीच उरली होती. नाव ठेवताना मात्र ती फसली म्हणायची. खरी टिटवी सड्यावर कोकलून कोकलून माणसाला भंडावून सोडते, आणि हिची टिटवी ठार मुकी! लांबच लांब पंख, पंखांवर सौरपट्ट्या. ना वैमानिक, ना इंधन, ना आवाज. ढगांच्याही वर, वीस किलोमीटर उंचीवर ती महिनोन्‌महिने घिरट्या घालायची. खालच्या माणसाने मान मोडेस्तोवर वर पाहिलं तरी ती दिसायची नाही.

ती बनवली होती आंबा-काजूच्या बागांना पाणी कुठे कमी पडतंय ते पाहायला. आपल्या डोळ्यांना मुळात तीनच रंग कळतात, बाकीची सगळी त्यांची मिसळ. टिटवीच्या कॅमेऱ्याला शेकडो कळतात, आणि त्यांतले कित्येक तांबड्याच्या पलीकडचे, आपल्याला न दिसणारे. तहानलेलं झाड आपल्याला हिरवंगारच दिसतं, पण त्या पलीकडच्या रंगात त्याचा चेहरा आधीच उतरलेला असतो. टिटवी तो उतरलेला चेहरा ओळखते.

बागा बघता बघता सईदाला भलतंच काहीतरी सापडलं. उघड्या गवतात तिला रेघा दिसू लागल्या, जिथे जमिनीवर जाऊन पाहिलं तर काहीच नव्हतं. पुष्कळ डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. ओल्या मातीवरून माणूस रोज चालला की माती दबते. दबलेल्या मातीत पाणी कमी मुरतं, म्हणून पाऊस सरला की त्या पट्टीतलं गवत शेजाऱ्यापेक्षा आधी तहानतं. वाट मोडली, वर गवत माजलं, माणसं विसरली, तरी माती काही विसरत नाही. ती वर्षानुवर्षं दबलेली राहते आणि अगदी सावकाश, ठरलेल्या गतीने मोकळी होते. ती गती कळली की कुठली वाट कुठल्या सालची आणि तिच्यावर साधारण किती वर्दळ होती, हे संगणक सुटं करून सांगतो. टिटवीला माणूस दिसत नाही. एवढ्या उंचीवरून तो एका ठिपक्यात हरवून जातो. वाट दिसते, कारण ती लांब असते आणि रोजची असते.

ही बातमी फुटल्यावर गावोगाव जी काही धमाल उडाली! वहिवाटीच्या खटल्यांत वकील टिटवीचे नकाशे मागू लागले. कुणाच्या परसदारातून कुणाच्या परसदारी वाट जाते, हे चव्हाट्यावर आलं आणि दोन-तीन ठरलेली लग्नं फिसकटली. काही गावांनी तर ठरावच केला, की आमच्या गवतात कुणी नाक खुपसायचं नाही. नौशीरच्या डोक्यात मात्र वेगळाच दिवा पेटला.

“हर्षदा, डिकरा, आता वाटाच दाखव,” तो फोनवर म्हणाला. “मेलेल्या वाटा. माणूस नाही, पण त्याचं चालणं आहे. लोक वेडे होतील!”

ज्या बाईने जन्मभर पायवाटा पुसल्या, तिने आता त्या दाखवायच्या! पण हर्षदाने होकार दिला. खरं सांगायचं तर तिला दुसरं काही सुचेनासं झालं होतं, आणि घरबसल्या पडद्यावर सड्याचा फोटो मागवायला लागल्यापासून तो फोटोही तिला रडवेनासा झाला होता. पूर्वी परतीच्या वाटेवर, घाटावरून जाताना, ती इंजिनाच्या आवाजात मोठ्याने रडून घ्यायची. वर्षातून तेवढंच एकदा.

*

यंदा दिवाळीच्या आधी ती प्रदर्शनाच्या कामासाठी सईदाच्या प्रयोगशाळेत येऊन राहिली. बंदराला जाणारी बुजलेली गाडीवाट, ओस पडलेल्या वाडीची पाणवठ्याची वाट, अशा वाटा निवडून झाल्या. मोरवण्याचा सडा तिने मुद्दाम शेवटी ठेवला होता.

सकाळचा चहा हातात घेऊनच सईदाने चित्र पडद्यावर आणलं. निळसर गवताचा अफाट पसारा, आणि त्यातून डाव्या कडेपासून मध्यापर्यंत गेलेली एक सरळ, बारीक, नारिंगी रेघ. बाकी सड्यावर काही म्हणता काही नव्हतं.

“ही काढ तेवढी,” हर्षदा सवयीने म्हणाली. “मशीनची खोड दिसतेय. चित्राचा तोल बिघडतो.”

“अगं बये, ती फोटोत नाहीये, गवतात आहे. गवत कसं पुसशील?” सईदा हसली. “आणि खोडबीड काही नाही. कुणीतरी इथून चालतंय. एकच माणूस, एकाच मार्गाने, गेली बारा-पंधरा वर्षं.”

“सड्याच्या मध्यावर काय आहे चालत जायला? ना विहीर, ना देऊळ, ना रस्ता.”

“तेच तर! जातो, आणि तिथूनच परत फिरतो.” सईदाला आता कोडं सोडवायची लहर आली. “आणि गंमत बघ, हा बाराही महिने चालत नाही. भर पावसात माती जास्त दबते, उन्हाळ्यात दबतच नाही; हा दाब त्या दोन्हींच्या मधला आहे. म्हणजे नुसता आश्विनात. दसऱ्यानंतर.”

हर्षदाने कप खाली ठेवला. “साल सुटं करून दाखव,” ती म्हणाली.

सईदाने एकेक वर्ष पडद्यावर आणलं. पहिल्या वर्षी रेघ पार सड्याच्या मध्यावर जात होती. मग काही वर्षं तशीच. मग ती थोडी अलीकडे थांबू लागली. मग आणखी अलीकडे. वर्षं पुढे सरकत होती आणि रेघ आखडत होती, कधी एखाद्या झुडपापाशी, कधी जुन्या दगडी गडग्यापाशी. यंदाची रेघ तर एवढीशीच, कडेच्या घरापासून विहिरीपर्यंत.

“म्हातारा होत चाललाय बिचारा,” सईदा म्हणाली. “पण शेवटची ही तीन वर्षं बघ. वाट आखूड, पण दाब केवढा! पूर्वी हा आठ-दहा दिवस चालायचा आणि काम झाल्यासारखा थांबायचा. गेल्या तीन वर्षांत थांबतच नाही. माती कडक होऊन उमटायचं बंद होईपर्यंत रोज जातोय. ज्याच्यासाठी जायचा ते येईनासंच झालं असेल बघ.”

रेघेच्या टोकाला एक फिकट चौकोन होता. हर्षदाने तो बोटाने दाखवला.

“तो होय? तिथे रोज काहीतरी अंथरलेलं असतं. गवताला ऊन लागत नाही म्हणून ते फिकटतं. चादरीएवढं काहीतरी.”

चादर! कुणीतरी गवतावर वाळत घातलेली पांढरी चादर, दरवर्षी, आणि तिच्याशेजारी एक बारकासा काळा ठिपका. दर वर्षी तिने ती चादर पुसली होती आणि दर वर्षी तो ठिपका पुसला होता, आपल्या हाताने, श्वास रोखून, कडा नीट जुळवून. लोकांना कपडे वाळवायला माझाच सडा सापडतो, म्हणून चरफडली होती. वाळवायचीच असती तर चादर घराशेजारी दोरीवर नसती का घातली? एवढ्या लांब, माळरानात, कोण नेऊन अंथरेल?

“ती मला दिसावी म्हणून अंथरत होते,” ती म्हणाली, आणि सईदाच्या देखत, दिवसाढवळ्या, हुंदके देऊन रडायला लागली.

*

सईदाने तिला रडू दिलं. मग गरम चहा करून दिला आणि सगळं विचारून घेतलं. सांगण्यासारखं फार नव्हतं. हर्षदाची आई गेली तेव्हा हर्षदा आइसलँडमधल्या हिमनद्यांवर उडत होती. आजारपण तिला कळलं होतं. पण आणखी दोन दिवस स्वच्छ हवा मिळेल, तेवढे फोटो उरकून निघू, असं म्हणता म्हणता आई गेली. ती घरी पोचली ती थेट अकराव्याला. वडील, अण्णा, बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे, आधीच कमी बोलणारा माणूस. त्यांनी तिला अंगणातच, खळ्याच्या कडेला अडवलं आणि म्हणाले, “तुका वरसूनच बघूक आवाडता ना? मगे वरसूनच बघ आमका. खाली येव नको.”

बस्स, एवढंच. पण हर्षदाही त्याच बापाची लेक. तिने ते शब्द गाठीला बांधले. फोन दोघांकडे होता, पण आधी कुणी करायचा हा प्रश्न होता, आणि तो पंधरा वर्षं सुटला नाही. त्यापुढल्या दसऱ्याला ती वरून पाहायला गेली. खरोखरीच वरून, खाली न उतरता. लोकांनी त्याला कला म्हटलं.

“म्हणजे तू दरवर्षी बापाला भेटायला जात होतीस,” सईदा म्हणाली, “आणि बाप दरवर्षी तुला भेटायला येत होता.”

“आणि मी त्यांना पुसत होते.”

“त्यांना इंजिनाचा आवाज यायचा. म्हणून कळायचं तू आलीस.” सईदा बोलता बोलता थबकली, कारण पुढचं तिच्याही लक्षात आलं. तिची टिटवी मुकी होती. तीन वर्षं विमान आलंच नव्हतं, निदान अण्णांच्या कानांनी तरी ते आलं नव्हतं. म्हणून ते रोज जात होते. “या अल्ला,” ती हळूच म्हणाली.

हर्षदाने नौशीरला फोन लावला. एखादी मूळ फाइल, एखादी चुकून राहिलेली प्रत, काहीही.

“डिकरा, आपणच नाय का विसर्जन करत आलो? टाळ्या वाजवून!” नौशीर म्हणाला. मग तिच्या आवाजाचा रागरंग ओळखून तो गंभीर झाला. “नाही ग. एकही नाही. तेच तर आपण लोकांना विकलं.”

वडिलांचे इतके फोटो काढले, आणि वडिलांचा एकही फोटो तिच्याजवळ नव्हता.

“गाडी काढू?” सईदाने विचारलं. “संध्याकाळपर्यंत पोचू मोरवण्याला.”

हर्षदाने नकारार्थी मान हलवली. “मी गाडीतून उतरले तर दार लावून घेतील. आणि नाही लावलं तरी... ते कान लावून बसलेत ते विमानाच्या आवाजासाठी. दसरा उलटून गेलाय सईदा. आज विहिरीपर्यंत येताहेत. उद्या कुठवर येतील?”

“त्या खटाऱ्याला आता परवानगी कोण देणार तुला? खालचं सगळं आकाश ड्रोनवाल्यांनी वाटून घेतलंय.”

“तू देणार. टिटवीचं वाचन पडताळून बघायला खालून उड्डाण हवंय, असं लिही.”

“म्हणजे सरकारला थाप मारू?”

“थाप कसली? पडताळायचंच आहे,” हर्षदा म्हणाली.

*

परवानगी यायला आणि इंजिनावरची तीन वर्षांची धूळ झाडायला आठवडा गेला. तो तिने कसा काढला ते तिचं तिला माहीत. रोज सकाळी ती टिटवीचं ताजं चित्र मागवायची. रेघ वाढत नव्हती, पण विहिरीपाशी अजून होती. शेवटच्या दिवशी तिने ते चित्र कागदावर छापून घेतलं, घडी करून जाकिटात घातलं, आणि कोल्हापूरहून उडाली.

घाटावर धुकं होतं, ते कोकणात उतरल्यावर निवळलं. पाठीमागे इंजिन फटफटत होतं, मधूनच खोकत होतं. किती दिवसांनी तिने हा आवाज ऐकला होता! मग खाडी आली, माडांचं बन आलं, आणि पुढे तो सडा, सोनेरी, रिकामा. या वेळी तिने घर चौकटीबाहेर ठेवलं नाही. ती थेट घरावर गेली.

कौलं काळवंडली होती. खळं झाडलेलं दिसत होतं, म्हणजे शेजारची कुणी येऊन झाडून जात असणार. दार उघडं होतं. माणूस नव्हता.

तिने एक घिरटी घातली. कुणी आलं नाही. दुसरी घातली, आणखी खालून. एक कुत्रं धावत आलं आणि वर पाहून भुंकू लागलं. कान गेले असतील. किंवा आठवडाभरात काही भलतंसलतं... सकाळच्या चित्रात रेघ होती, पण टिटवीला गवत कळतं, माणूस कळत नाही. तिसरी घिरटी घालताना ती देवाला नवस बोलली, ज्या देवाचं नावही तिने वीस वर्षं घेतलं नव्हतं.

आणि मग दारातून एक काठी बाहेर आली. काठीमागून अण्णा. काखेत पांढरी चादर.

केवढेसे झाले होते! वरून माणूस लहान दिसतोच, पण हे तसं लहानपण नव्हतं. ते खळ्यातून उतरले, एक पाऊल, मग काठी, मग दुसरं पाऊल. विहिरीपाशी पोचले आणि थांबले. रोजचं ठिकाण आलं होतं. त्यांनी वर पाहिलं. मग विहिरीला वळसा घातला आणि पुढे निघाले, उघड्या सड्यावर. चादर काखेतून सुटली, गवतावर फरपटायला लागली. विहिरीच्या कठड्याच्या आधाराशिवाय ती अंथरायला वाकणं त्यांना जमेना. शेवटी त्यांनी ती तशीच टाकून दिली, काठीवर भार दिला, मोकळा हात वर केला आणि पंजा खाली झटकला. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. अंगणात खेळणाऱ्या पोराला जेवायला हाक मारावी, तसा.

खाली ये.

सड्यावर विमान उतरवायचं म्हणजे चेष्टा नव्हे. गवताखाली खळगे असतात, दगड असतात. पण या सड्याचा प्रत्येक हातभर तुकडा तिने पडद्यावर तासन्‌तास निरखला होता. कुठे कातळ सपाट आहे हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. चाकं दोनदा आपटली, तिसऱ्यांदा टेकली, आणि विमान अण्णांपासून थोड्या अंतरावर येऊन थांबलं. तिने इंजिन बंद केलं. केवढी शांतता पसरली. झाडलोट न करता आलेली.

ती जवळ गेली. पाया पडायला वाकली तर त्यांनी खांद्याला धरून उठवलं आणि तिच्या तोंडाकडे न बघता विमानाकडे पाहिलं.

“इंजिन खोकता तुझा,” ते म्हणाले. “कार्बुरेटर साफ करूक नाय?”

“नाय, अण्णा.” किती वर्षांनी तिच्या तोंडून मालवणी आली.

“तीन वर्सा खंय होतंस गो?”

“नवीन मशीन इला. तेचो आवाज येणा नाय.” मग तिला राहवलं नाही. “तुम्हीच म्हटलात ना, खाली येव नको?”

“म्हटलंय,” अण्णा म्हणाले. “रागान बोललंय. पण तू आयकलंस कित्याक? जल्मात कधी माझा आयकलंस नाय, आणि नेमक्या ताच बरा आयकलंस!”

दोघंही गवतात बसली. कुत्रं येऊन विमानाचं चाक हुंगून गेलं. वारा होता, चादरीचा एक कोपरा उचलत होता आणि खाली टाकत होता. मग अण्णांनी घसा खाकरला.

“माझो फोटो दाखव बघूया. इतकी वर्सा वरसून काढतंस. एक तरी आसतलो.”

हा प्रश्न येणार हे तिला आठवडाभर माहीत होतं. तिने जाकिटातून कागद काढला, त्यांच्या मांडीवर उलगडला, त्यांचा काळवंडलेला, इंजिनाच्या तेलाने वर्षानुवर्षं रापलेला हात धरला आणि बोट कागदावर टेकवलं.

“ह्या घर. ही पाण्याची बाव. ही वाट, तुम्ही चाललात ती.”

“मी खंय आसंय ह्यात?”

“तुम्ही नाय.” तिने त्यांचा हात सोडला. “मी पुसलंय तुमका, अण्णा. दर वर्सा. तुम्ही होतात, चादर होती, सगळा पुसून टाकलंय. माका म्हायत नव्हता. आता एकव फोटो नाय. ही वाट तेवढी उरली, ती गवतान ठेवली.”

ते रागावतील, उठून जातील, असं तिला वाटलं. अण्णा कागदावर वाकले. डोळे बारीक करून त्यांनी ती नारिंगी रेघ बोटाने घरापासून धरली आणि सावकाश पुढे नेली. विहिरीपाशी बोट थांबलं. त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. विहीर बरीच मागे राहिली होती.

“ही हयसर संपता?”

“होय. ता सकाळपर्यंतचा.”

“आज मी तेच्या फुडे इलंय,” अण्णा म्हणाले. “ता घाल ह्यात.”

नकाशावर खुणा करायची पेन्सिल तिच्या गुडघ्याच्या पट्टीला अडकवलेली होती. तिने ती काढली. रेघ तिने विहिरीपासून ओढायला घेतली आणि ती दोघं बसली होती तिथपर्यंत आणली.